अग्रहक्क भाग की कर्ज? ग्रामीण विदर्भातील लहान कंपन्यांसाठी खर्चाची तुलना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिनिंग-प्रेसिंग, डाळ मिल, तेल गाळप, भात गिरणी, संत्र्याची प्रतवारी असे उद्योग तालुक्याच्या गावी खासगी मर्यादित कंपनी म्हणून चालवणारे संचालक भांडवल उभारताना जे प्रश्न विचारतात, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम, २०२५ लागू झाल्याने आयकराच्या कलमांचे क्रमांक बदलले आहेत. म्हणून आयकराबाबत फक्त तरतूद सांगितली आहे, कलम नाही. उदाहरणांतील दर केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत.

अग्रहक्क भाग म्हणजे काय आणि तो कर्जाहून वेगळा कसा?

व्यवहारात ज्याला प्रेफरन्स शेअर म्हणतात तो अग्रहक्क भाग हे कंपनीचे भागभांडवलच असते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ४३ नुसार या भागधारकाला दोन बाबतींत समहक्क (इक्विटी), म्हणजे नेहमीच्या भागधारकाच्या आधी हक्क मिळतो : ठरलेल्या दराचा लाभांश आधी त्याला द्यायचा, आणि कंपनी गुंडाळली गेली तर भांडवलाची परतफेडही आधी त्याला करायची. दर ठरलेला असल्यामुळे हा भाग दिसायला कर्जासारखा वाटतो. मात्र कर्जाचे व्याज नफा होवो की तोटा, द्यावेच लागते आणि लाभांश नफ्यातूनच देता येतो. खर्चाचे जवळजवळ सगळे फरक या एका गोष्टीतून निघतात.

आमच्या संस्थेला अग्रहक्क भाग काढता येतील का?

खासगी किंवा सार्वजनिक मर्यादित कंपनी असेल, नियमावलीत (आर्टिकल्स ऑफ असोसिएशन) तशी तरतूद असेल आणि सर्वसाधारण सभेने विशेष ठराव केला असेल, तर येतील. भागीदारी संस्थेला आणि मर्यादित दायित्व भागीदारीला भागभांडवलच नसते, तेव्हा तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. सहकारी जिनिंग संस्था सहकार कायद्याखाली येतात. त्यांचे नियम वेगळे आहेत.

सर्वांत जास्त गैरसमज शेतकरी उत्पादक कंपन्यांमध्ये आढळतो. गेल्या काही वर्षांत विदर्भात या कंपन्या मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या, आणि गावातील एखादा सधन गृहस्थ "मी दहा लाख टाकतो, मला ठरावीक टक्का द्या" असे म्हणाला की संचालक मंडळ अग्रहक्क भागांचा विचार करू लागते. परंतु कलम ३७८झेडबी नुसार उत्पादक कंपनीचे भागभांडवल केवळ समहक्क भागांचेच असू शकते. शिवाय उत्पादक नसलेल्या व्यक्तीला तेथे सभासदच होता येत नाही. अशा कंपनीपुढे सभासदांचे समहक्क भांडवल वाढवणे, केंद्राच्या योजनेतील समभाग अनुदानासाठी पात्र ठरणे किंवा पत हमीसह, म्हणजे सरकारी हमी योजनेच्या आधारावर, कर्ज घेणे एवढेच मार्ग उरतात.

दोन्हींचा खर्च मोजायचा कसा? आमच्याकडे लाभांशाचा दर १० टक्के ठरतो आहे आणि बँक १०.५ टक्के सांगते आहे. मग अग्रहक्क भागच स्वस्त नाही का?

नाही, आणि हा भ्रम दूर करणे हाच या पानाचा मुख्य हेतू आहे. हे दोन दर एकाच पायावर उभे नाहीत. व्याज हा धंद्याचा खर्च म्हणून नफ्यातून आधी वजा होतो आणि उरलेल्या नफ्यावर कर लागतो. लाभांश मात्र कर भरून झाल्यावर उरलेल्या नफ्यातून वाटायचा असतो. त्याची वजावट मिळत नाही.

हिंगणघाटजवळची एक जिनिंग-प्रेसिंग कंपनी उदाहरणादाखल घेऊ. तिला नवीन प्रेस, गाठींसाठी शेड आणि अग्निशमनासाठी पाण्याची टाकी यांकरिता ₹२ कोटी हवे आहेत. तिने सवलतीचा २२ टक्के कंपनी कर स्वीकारला आहे, म्हणजे १० टक्के अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून तिचा कर २५.१६८ टक्के होतो.

१०.५ टक्क्यांचे कर्ज घेतले तर पहिल्या वर्षीचे व्याज ₹२१ लाख होईल. या व्याजामुळे कर सुमारे ₹५.२९ लाखांनी कमी होईल, तेव्हा कंपनीच्या खिशातून खऱ्या अर्थाने गेले ₹१५.७१ लाख. करोत्तर दर ७.८६ टक्के पडला.

१० टक्क्यांचे अग्रहक्क भाग काढले तर लाभांश ₹२० लाख आणि करात बचत शून्य. हे ₹२० लाख हातात यायला करापूर्वी ₹२६.७३ लाख नफा कमवावा लागेल. म्हणजे कंपनीच्या दृष्टीने १० टक्क्यांचा अग्रहक्क भाग हा १३.३६ टक्के व्याजाच्या कर्जाइतका महाग आहे. गुंतवणूकदाराने १२ टक्के मागितले, आणि तारण नसलेल्या लहान कंपनीत पैसे घालणारा ते मागतोच, तर हाच आकडा १६.०४ टक्क्यांवर जातो. कराआधीचा समतुल्य दर काढण्याची रीत सोपी आहे : लाभांशाच्या दराला ०.७४८३२ ने भागावे. कंपनीचा कराचा दर निराळा असेल तर तो दर एकमधून वजा करून येणारा आकडा वापरावा.

एक जुनी गोष्ट अजून काहींच्या डोक्यात आहे, ती म्हणजे लाभांश वितरण कर. तो कर कंपनीने भरायचा असे. १ एप्रिल २०२० पासून तो रद्द झाला. आता लाभांशावरील कर घेणाऱ्याच्या हातात लागतो. त्याआधीच्या सल्ल्याचे कागद कपाटातून काढून आजची तुलना करू नये.

सात वर्षांत कर्जाचे एकूण व्याज ₹८४ लाख होते आणि लाभांश ₹१ कोटी ४० लाख. मग कर्ज इतके स्वस्त म्हणायचे का?

हे दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण त्यांची तुलना बरोबर नाही. मुद्दलाच्या सात वार्षिक समान हप्त्यांच्या कर्जात मुद्दल दर वर्षी ₹२८.५७ लाखांनी उतरते, म्हणून व्याज २१, १८, १५ असे करत शेवटच्या वर्षी ₹३ लाखांवर येते. अग्रहक्क भागांचे पूर्ण ₹२ कोटी मात्र सातही वर्षे कंपनीकडेच राहतात. जास्त पैसे जास्त काळ वापरल्यावर जास्त मोबदला जाणारच. तुलना दराची करावी, बेरजेची नव्हे.

याच आकड्यांत कर्जाची खरी अडचण दडलेली आहे. पहिल्या वर्षी कर्जापोटी बाहेर जाणारी रोकड म्हणजे मुद्दल ₹२८.५७ लाख अधिक करबचत वजा जाता व्याज ₹१५.७१ लाख, अशी एकूण सुमारे ₹४४.२९ लाख आहे. अग्रहक्क भागांत ती केवळ ₹२० लाख आहे. नफ्यातोट्याच्या पत्रकात कर्ज स्वस्त दिसते आणि बँकेच्या पासबुकात जड जाते. मुद्दलाच्या हप्त्याला करात वजावट मिळत नाही, हे हप्त्यांचे वेळापत्रक हाती आल्यावरच पुष्कळांच्या लक्षात येते.

बँकेने सांगितलेल्या दराखेरीज कर्जावर आणखी कोणता खर्च येतो?

मंजुरीपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचावे, कारण दर पहिल्या पानावर असतो आणि खर्च पुढच्या पानांवर. प्रक्रिया शुल्क, वकिलाचा शोध अहवाल, मालमत्तेचे मूल्यांकन, गहाणखतावरील मुद्रांक शुल्क, यंत्रे व साठ्याचा विमा, दरवर्षीचे नूतनीकरण शुल्क, पत हमी योजनेत कर्ज असल्यास वार्षिक हमी शुल्क, आणि बँकेच्या शुल्कांवर १८ टक्के जीएसटी, हे सर्व खर्चच आहेत. तारणाचा बोजा कलम ७७ नुसार ३० दिवसांत कंपनी निबंधकाकडे नोंदवायचा असतो. त्याची फी आणि कंपनी सचिवाचे मानधनही धरावे.

समजा, वरच्या उदाहरणात असे एकरकमी खर्च ₹४ लाख झाले, म्हणजे कर्जाच्या २ टक्के. मुद्दल दरवर्षी कमी होत असल्याने हे कर्ज सरासरी चारच वर्षे वापरले जाते. म्हणून या खर्चाने दरात सुमारे अर्धा ते पाऊण टक्क्याची भर पडते. म्हणजे १०.५ टक्क्यांचे कर्ज वास्तवात ११ टक्क्यांच्या वर बसते. तरीही करोत्तर खर्च साडेआठ टक्क्यांच्या आतच राहतो.

पैशात न मोजता येणारा खर्च वेगळा. संचालकाची वैयक्तिक हमी जाते, बऱ्याचदा पत्नीची किंवा भावाचीही. वडिलोपार्जित जमीन जादा तारण म्हणून दिली की सातबाऱ्यावरील इतर हक्कांच्या रकान्यात बँकेच्या बोज्याची नोंद चढते, आणि कर्ज फिटल्यावर ती उतरवून घेण्यासाठी बँकेचे पत्र व तलाठी कार्यालयातील फेरफार यांच्या मागे लागावे लागते. घरात वाटणीचा विषय निघाला म्हणजे या नोंदीची किंमत कळते.

अग्रहक्क भाग काढायला किती खर्च येतो?

तुलनेने कमी, परंतु कागद जास्त. विशेष ठराव व त्याची निबंधकाकडे नोंद, खासगी वाटपाचे प्रस्तावपत्र, आवश्यक तेथे नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, आणि वाटपानंतर १५ दिवसांत विवरणपत्र, असा क्रम असतो. अधिकृत भांडवल अपुरे असेल तर ते वाढवण्याची फी व मुद्रांक शुल्क हा सर्वांत मोठा खर्च ठरू शकतो. भाग वाटपावरचे मुद्रांक शुल्क २०२० पासून देशभर ०.००५ टक्के आहे. ₹२ कोटींवर ते अवघे ₹१,००० होते.

दोन बंधने कटाक्षाने पाळावीत. पैसे बँकेमार्फतच यावेत, रोखीने घेतलेले चालत नाहीत. आणि पैसे आल्यापासून ६० दिवसांत वाटप झाले पाहिजे. न झाल्यास पुढील १५ दिवसांत रक्कम परत करावी लागते, तीही न केल्यास १२ टक्के व्याज लागते. दिवाळीत पैसे घ्यायचे आणि मार्चअखेरीला सीएकडे कागद द्यायचे, ही पद्धत येथे महागात पडते.

हंगाम बिघडला तर कोणता पर्याय झेपेल?

विदर्भातील प्रक्रिया उद्योगासाठी हा प्रश्न दराच्या प्रश्नाइतकाच मोठा आहे, कारण येथे कच्चा माल आभाळावर अवलंबून आहे. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशीची वाट लावली. २०२२ मध्ये कापसाने क्विंटलला ₹१०,००० चा टप्पा ओलांडला आणि त्यानंतर भाव उतरले, तेव्हा चढ्या भावाने घेतलेला माल धरून बसलेल्यांचे हिशेब कोलमडले. आवक निम्म्यावर आली तरी जिनिंगचा वीजजोडणीचा स्थिर आकार, चौकीदार, विमा आणि व्याज निम्मे होत नाही.

कर्जात चूक पोटात घालण्याची सोय फार थोडी आहे. मुदती कर्जाचा हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस देऊन तारण ताब्यात घेण्याच्या मार्गाला लागू शकते. शेतजमीन या कायद्यातून वगळलेली आहे, पण जिनिंगची जागा अकृषक झालेली असते, तेव्हा त्या सवलतीचा कंपनीला उपयोग नाही. खेळत्या भांडवलाच्या खात्यावरही परिणाम होतो. बँकेचा अधिकारी साठा तपासायला येतो, शेडमधील गाठींवरचे लॉट क्रमांक स्टॉक स्टेटमेंटशी ताडून पाहतो, सरकीच्या ढिगाचा अंदाज घेतो, आणि साठ्याचे मूल्य घटलेले दिसले की ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून उचलता येणाऱ्या रकमेची मर्यादा, कमी करतो. नेमक्या त्याच आठवड्यात शेतकऱ्यांचे चुकारे द्यायचे असतात.

अग्रहक्क भागांत नफा नसेल तर लाभांश जाहीर करता येत नाही आणि त्यामुळे कोणी कारखान्याला कुलूप लावायला येत नाही. मागील वर्षांचा तोटा व घसारा आधी भरून काढावा लागतो, मगच लाभांश. म्हणजे १३.३६ आणि १०.५ यांतला जो सुमारे तीन टक्क्यांचा फरक आहे, तो वाईट वर्षी थांबण्याची तयारी विकत घेण्याची किंमत आहे. ही किंमत प्रत्येक रुपयावर देणे शहाणपणाचे नाही. जेथे हप्ता न झेपण्याची शक्यता खरोखर आहे, तेवढ्याच रकमेवर ती द्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कर्जच घ्यायचे असेल तर हप्ते महिन्याचे न ठेवता हंगामाला जुळवून मागावेत. कापसाच्या उद्योगाला जानेवारी ते जून या काळात हप्ते झेपतात. पावसाळ्यात यंत्रे बंद असताना झेपत नाहीत. बँका हे मान्य करतात, मात्र प्रकल्प अहवालात महिनावार रोकड प्रवाह दाखवून ते मागावे लागते.

लाभांश थकला तर अग्रहक्क भागधारक काय करू शकतो?

भाग संचयी असतील तर थकलेला लाभांश साचत जातो आणि नफा झाला की समहक्क भागधारकांच्या आधी तो चुकता करावा लागतो. वेगळे ठरले नसेल तर थकबाकीवर व्याज चढत नाही. बँकेच्या चक्रवाढीपेक्षा हा मोठा दिलासा आहे. असंचयी भागांत गेलेले वर्ष गेले.

कलम ४७ नुसार सलग दोन वर्षे किंवा अधिक काळ लाभांश न मिळाल्यास या भागधारकांना सर्व ठरावांवर मतदानाचा हक्क मिळतो. घरच्या कंपनीत याचा अर्थ असा की, तिसऱ्या वर्षी सभेत व्याही किंवा साडभाऊ संचालकांच्या नेमणुकीवर मत देऊ लागतो. जून २०१५ च्या अधिसूचनेप्रमाणे खासगी कंपनीला तिच्या नियमावलीत तशी तरतूद असल्यास कलम ४३ व ४७ यांतून सूट घेता येते. पण अशी सूट हवी असेल तर ती पैसे घेण्यापूर्वी, गुंतवणूकदाराला दाखवूनच नियमावलीत घालावी. नंतर घातली तर संशयाला जागा होते.

बँक अग्रहक्क भागांना स्वतःचे भांडवल मानते का?

पूर्णपणे नाही. बँकेला द्यायच्या सीएमए तक्त्यात (कर्जाच्या छाननीसाठीचा ठरावीक नमुन्यातील आर्थिक तक्ता) एका वर्षानंतर परतफेड करायचे अग्रहक्क भाग मुदती देण्यांमध्ये, म्हणजे मुदती कर्जाच्याच गटात लिहिले जातात. ताळेबंदात ते भागभांडवलाखाली असतात, म्हणून संचालकाला वाटते की आपली निव्वळ मालमत्ता वाढली. शाखेत मात्र तसे धरले जाईलच असे नाही. किती वर्षांच्या मुदतीचे भाग आपल्या धोरणात भांडवल धरले जातात, हे वाटपापूर्वी बँकेकडून लेखी विचारून घ्यावे. ज्या मोठ्या कंपन्यांना भारतीय लेखामानके, म्हणजे इंड एएस, लागू आहेत, त्यांच्या पुस्तकांतही ठरावीक मुदतीला परत करायचे आणि लाभांश देणे बंधनकारक असलेले भाग आर्थिक देणे म्हणून दाखवावे लागतात. करासाठी मात्र तो लाभांशच राहतो. लेखापुस्तकात त्याला व्याज म्हटल्याने वजावट मिळत नाही.

पैसे नातेवाइकांचेच आहेत. त्यांना भाग द्यावेत की रक्कम कर्जाऊ घ्यावी?

निव्वळ कराच्या हिशेबाने कर्जाऊ घेणे बरे. नातेवाइकाला व्याज मिळो की लाभांश, दोन्ही त्याच्या उत्पन्नात मिळून त्याच्या दरानेच कर लागतो. कंपनीला मात्र वजावट फक्त व्याजाची मिळते. मग एकाच घरातील पैशावर कर दोनदा का भरायचा?

तरीही तीन कारणांनी गाडी अग्रहक्क भागांकडे वळते. खासगी कंपनीने संचालकाकडून किंवा त्याच्या नातेवाइकाकडून घेतलेली रक्कम ठेव मानली जात नाही; परंतु ही रक्कम आपण स्वतः कर्ज काढून दिलेली नाही, असे त्याने लिहून द्यावे लागते, आणि नातेवाईक कोण याची व्याख्या कायद्याने ठरवलेली आहे. मेहुणा, मामा, शेजारी किंवा अडत्या त्या व्याख्येत बसत नाही, आणि त्यांच्याकडून घेतलेली रक्कम ठेवींच्या नियमांत अडकते. दुसरे असे की, बिनतारणी रक्कम देणारा लग्नकार्य निघाले की ती परत मागतो. भागांची मुदत ठरलेली असते. तिसरे कारण बँकेचे. संचालकांचे बिनतारणी कर्ज बँकेच्या कर्जाआधी फेडणार नाही, असे हमीपत्र ती घेते, आणि त्यानंतर ते पैसे तसेही अडकलेलेच असतात.

रोखीचा मोह टाळावा. ₹२०,००० किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने कर्जाऊ घेता येत नाही, आणि घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. गावात हातउसने घेण्याची रीत जुनी आहे, पण कंपनीच्या खातेवहीला ती लागू नाही.

गुंतवणूकदार शेतकरी आहे. जिनिंग कंपनीचा लाभांश शेतीचे उत्पन्न म्हणून करमुक्त धरता येईल का?

येणार नाही. १९५४ साली बच्चा गझदर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चहाच्या कंपनीचा लाभांशसुद्धा भागधारकाच्या हातात शेतीचे उत्पन्न ठरत नाही असा निकाल दिला. कापूस दुसऱ्याकडून विकत घेऊन सरकी वेगळी करणाऱ्या कंपनीबाबत तर प्रश्नच उरत नाही. निवासी व्यक्तीला वर्षात ₹१०,००० पेक्षा अधिक लाभांश दिल्यास १० टक्के कर कापावा लागतो. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची आहे.

आमची कंपनी सध्या करच भरत नाही. मग करबचतीचा हिशेब आम्हाला लागू आहे का?

लागलीच नाही. कर शून्य असेल तर १०.५ टक्क्यांचे कर्ज १०.५ टक्क्यांनाच पडते आणि १० टक्क्यांचा अग्रहक्क भाग कागदावर स्वस्त दिसतो. नवीन यंत्रांवर आयकराचा घसारा सुरुवातीला जास्त मिळत असल्याने पुस्तकी नफा असूनही कर न लागणारी एक-दोन वर्षे असू शकतात. तेवढ्या काळात लाभांश देणे शक्यही असते. पण व्याजाची वजावट येथे वाया जात नाही, लांबते. धंद्याचा तोटा आठ वर्षांपर्यंत पुढे ओढता येतो आणि न वापरलेल्या घसाऱ्याला कालमर्यादा नाही. आठ वर्षांत नफा येणारच नाही असे वाटत असेल, तर मग कोणत्याही मार्गाने भांडवल उभारण्यापूर्वी धंद्याचाच फेरविचार करावा.

एक सूक्ष्म बाब सांगायची राहते. बँकेचे व्याज प्रत्यक्ष भरले तरच वजावट मिळते. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न भरलेले, किंवा थकल्यामुळे मुद्दलात मिळवून नवे कर्ज केलेले व्याज भरले असे धरले जात नाही. पुनर्रचना केलेल्या कर्जांत करबचत अशी निसटते.

कापूस खरेदीसाठी अग्रहक्क भागांचे पैसे वापरावेत का?

वापरू नयेत. हंगामात पाच महिने ₹१ कोटी लागत असतील, तर ११ टक्क्यांच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे लागेल तेवढे उचलून भरता येणाऱ्या खेळत्या भांडवलाच्या कर्जावर, व्याज होते सुमारे ₹४.५८ लाख. गाठी विकल्या, पैसे खात्यात भरले की मीटर थांबतो. अग्रहक्क भागांवर मात्र बाराही महिन्यांचे ₹१० लाख द्यायचे, तेही कर भरून.

सवलतीचे कर्ज मिळत असेल तर?

तर तुलना करण्यात वेळ घालवू नये. २०२० साली सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीत गोदाम, शीतगृह, प्रतवारी यांसारख्या कामांच्या ₹२ कोटींपर्यंतच्या कर्जाला सात वर्षांपर्यंत ३ टक्के व्याज सवलत ठेवलेली आहे आणि बँकेच्या दरावर ९ टक्क्यांची मर्यादा आहे. सवलतीनंतर ६ टक्के आणि करोत्तर साडेचार टक्क्यांच्या आत पडणाऱ्या पैशाशी कोणताही अग्रहक्क भाग स्पर्धा करू शकत नाही. सवलत मागाहून खात्यात जमा होते, तोवर पूर्ण व्याज भरावे लागते. रोकड त्या बेताने ठेवावी. नवे अर्ज घेतले जात आहेत का, हे शाखेत विचारूनच प्रकल्प आखावा.

कंपनी बुडाली तर पैसे कोणाला आधी मिळतात?

दिवाळखोरी संहिता, २०१६ च्या कलम ५३ मधील क्रमात तारणधारक बँक आणि कामगार वर आहेत, अग्रहक्क भागधारक तळाकडून दुसरे आणि समहक्क भागधारक शेवटचे. एवढ्या खाली उभा असलेला माणूस १२ टक्के मागतो, यात त्याचे काही चुकत नाही.

मग दोन्ही मिसळून किती घ्यावे?

ठरीव प्रमाण नाही; रीत आहे. मागील दहा वर्षांतला सर्वांत वाईट हंगाम घ्यावा, त्या वर्षी यंत्रे किती दिवस चालली आणि हातात किती रोकड उरली हे पाहावे, आणि त्या रोकडीतून जेवढा हप्ता व व्याज निघेल तेवढेच कर्ज घ्यावे. वरच्या कंपनीकडे वाईट वर्षी ₹३३ लाख उरत असतील, तर ₹४४ लाखांचा भार तिला झेपणार नाही, पण ₹१ कोटी ४० लाखांच्या कर्जाचा सुमारे ₹३१ लाखांचा भार झेपेल. उरलेले ₹६० लाख अग्रहक्क भागांतून आले तर त्यांचा लाभांश चांगल्या वर्षांतून देता येईल. वाईट वर्षी तोटा होऊन करबचतही मिळाली नाही, तर हा भार ₹३४.७० लाखांवर जातो हेही मोजून ठेवावे. तो फरक तात्पुरता भागवण्याची सोय नसेल तर कर्ज आणखी कमी करावे.

अग्रहक्क भागांचे पैसे परत कसे करायचे?

कलम ५५ नुसार परतफेड न करण्याचे अग्रहक्क भाग काढताच येत नाहीत; पायाभूत प्रकल्पांचा अपवाद सोडल्यास २० वर्षांच्या आत परतफेड झाली पाहिजे. भाग पूर्ण भरणा झालेले हवेत, आणि परतफेड दोनच वाटांनी करता येते : लाभांशासाठी उपलब्ध असलेल्या नफ्यातून, किंवा त्यासाठीच काढलेल्या नव्या भागांच्या रकमेतून. नफ्यातून केली तर तेवढ्याच दर्शनी मूल्याची रक्कम भांडवल विमोचन राखीव निधीत वर्ग करावी लागते, आणि तो निधी पुढे बोनस भाग देण्यापुरताच वापरता येतो.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, खात्यात ₹६० लाख रोख असूनही पुस्तकात साचलेला तोटा असेल तर सातव्या वर्षी परतफेड करता येत नाही. म्हणून पहिल्या चांगल्या वर्षापासून नफ्याचा काही भाग राखीव ठेवावा, आणि शक्य तर भाग एकाच वर्षी न फिटता पाचव्या, सहाव्या व सातव्या वर्षी टप्प्याने फिटतील असे काढावेत. परतफेड जमलीच नाही, तर त्या भागांच्या मूल्याने तीन-चतुर्थांश धारकांची संमती आणि राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाची मंजुरी घेऊन थकलेल्या रकमेपोटी नवे अग्रहक्क भाग देता येतात. संमती न देणाऱ्या धारकांचे पैसे न्यायाधिकरण लगेच परत करायला सांगते. महाराष्ट्रातील कंपन्यांसाठी हे न्यायाधिकरण मुंबईला आहे, आणि तेथपर्यंतच्या खेपा व वकिलाची फी या दोन्ही गोष्टी सुरुवातीच्या तुलनेत कोणीच धरलेल्या नसतात.